तळावरची बाळंतीण कुणाच्या यादीत?

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



या पत्रिकेत आजवर माझ्या नावावर जो मजकूर आला तो बेणेप्रक्रिया, हुमणीचा बंदोबस्त, खोडव्यातील पाचट आणि पाण्याच्या पाळ्या एवढाच. या खेपेस विषय बाळंतिणीचा आणि तिच्या नवजात बाळाचा आहे. "शेतकी खात्याला हा उद्योग कुणी सांगितला?" असे काही मंडळी म्हणतील. म्हणू द्यात. गळीत हंगामात कोणती टोळी कोणत्या तळावर उतरली, टोळीत किती कोयते आहेत, उद्या पहाटे ते कुणाच्या फडात जाणार, हे ज्या एकाच खात्याच्या वहीत लिहिलेले असते ते आमचे खाते. आणि तळावर कुणाची बाई बाळंत झाली ही बातमी सरकारी दवाखान्याच्या आधी आमच्या स्लिपबॉयला लागते. तेव्हा हे लिहिणे माझ्या कामाबाहेरचे आहे असे मला वाटत नाही.

आधी आपल्या गावातली व्यवस्था काय आहे ते पाहू. घरात बाळ जन्मले की त्या घरी तीन जणी येतात. पहिली आशाताई. २०११ सालापासून नवजात बाळाची घरी जाऊन तपासणी करण्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. त्यात दवाखान्यातले बाळंतपण असेल तर जन्मानंतर ३ऱ्या, ७व्या, १४व्या, २१व्या, २८व्या आणि ४२व्या दिवशी अशा सहा भेटी आशाताईने द्यायच्या. बाळंतपण घरीच झाले तर पहिल्याच दिवशी आणखी एक. ती बाळाचे वजन करते, ताप पाहते, मिनिटाला श्वास किती ते घड्याळ लावून मोजते, नाळ कोरडी आहे का, बाळ अंगावर नीट ओढते का ते बघते. बाळाने दूध सोडले, अंग गार पडले, श्वास ६० च्या वर गेला, छाती आत ओढली जाऊ लागली, तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर वाट न बघता दवाखान्यात पाठवायचे. हे तिला शिकवलेले असते. दुसरी आरोग्यसेविका, आपण जिला नर्सबाई म्हणतो. लसी तिच्या हातात, आणि बाळंतिणीचे रक्तस्राव, टाके, रक्तदाब हे बघण्याचे शिक्षण तिघींत तिचेच. तिसरी अंगणवाडी सेविका. १९७५ साली सुरू झालेल्या बालविकास योजनेतली. अंगावर पाजणाऱ्या आईचा पोषण आहार आणि मुलाच्या वाढीची नोंद तिच्याकडे.

सहा आठवड्यांत सहा भेटी कशासाठी, हे ऊसवाल्याला फार समजावून सांगायला नको. आपल्या उसाची उगवणही साधारण तेवढ्याच दिवसांत पुरी होते. त्या मुदतीत माणूस सरीसरीने फिरतो, कुठे डोळा निघाला नाही ते बघतो, नांग्या भरतो. पुढे दोन पोती खत जास्त ओतले म्हणून गेलेली जागा भरून निघत नाही. बाळाचेही तसेच. २०२० सालच्या सरकारी नमुना नोंदणीत महाराष्ट्रात हजार जन्मांमागे १६ मुले वर्षाच्या आत दगावली, आणि त्या १६ पैकी ११ पहिल्या २८ दिवसांतच गेली. म्हणजे वर्षभराच्या धोक्यातला दोन तृतीयांश धोका पहिल्या चार आठवड्यांत.

मग तीन जणी आहेत, कार्यक्रम आहे, अडचण कुठे आहे? अडचण अशी की तिघींच्या वह्या तीन, वरिष्ठ वेगळे, बैठकीचे वारही वेगळे. कागदावर त्या एकत्र आहेत. माता-बाल संरक्षण कार्ड दोन्ही खात्यांचे मिळून एकच आहे, महिन्याचा आरोग्य आणि पोषण दिवसही दोघांचा मिळूनच असतो. पण दारात येताना ती जिच्या तिच्या सवडीने येते. आपल्याच एका गटात एका सभासदाच्या घरी मी ऊस नोंदीसाठी गेलो होतो, तेव्हा त्या घरच्या आजीबाईंनी मला तीन चिठ्ठ्या दाखवल्या. एकाच आठवड्यात बाळाची तीन वजने झालेली. एका काट्यावर दुपट्यासकट, दुसऱ्यावर उघड्या अंगाने, तिसरे कसे केले ते आजीलाही सांगता येईना. एकीच्या मते वजन घटले होते, दुसरीच्या मते वाढले होते. आजी म्हणाल्या, "तिघी तीन सांगत्यात, मग मी आपली माझी गुटी चालू केली." आता गुटी वाईट, मध चाटवणे वाईट, सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही नको, हे तिघीही सांगत होत्या. पण वजनात मेळ नाही म्हटल्यावर म्हातारीने बाकीचे ऐकणेच सोडून दिले. दोष त्या तिघींपैकी एकीचाही नाही. वजन एकीने करावे, ते कार्डावर लिहावे आणि बाकी दोघींनी कार्ड वाचावे, एवढे कुणी ठरवून दिले नाही, हा दोष.

एकत्र काम म्हणजे तिघींनी दर वेळी मिरवणुकीने घरात शिरावे असे मात्र नाही. बाळंतिणीची खोली लहान असते, तिला झोप हवी असते, आणि जितके हात बाळाला लागतील तितका जंतूंचा धोका अधिक. माझे मत असे की पहिल्या आठवड्यातली एक भेट आशाताई आणि नर्सबाईंनी जोडीने द्यावी, कारण त्या वेळी आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो आणि एकीचे लक्ष बाळावर, दुसरीचे आईवर राहते. पुढच्या भेटी आशाताईच्या. अंगणवाडी सेविकेने आहाराचे नाव त्याच कार्डावरून घ्यावे, पुन्हा सगळी विचारपूस नको. आणि आठवड्यातून एकदा तिघींनी अर्धा तास बसून नावे ताडून पाहावीत. याला सरकारचा नवा आदेश लागत नाही, पैसा तर नाहीच नाही.

आता तळाकडे येऊ.

आपल्याकडे बीड, पाथर्डी, जामखेड, जत या भागांतून टोळ्या येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाव सोडायचे ते मार्च-एप्रिलात परत जायचे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीवर घेतलेली असते, त्यामुळे आठवा महिना असला तरी बाई गाडीत बसते. तिचे नाव तिच्या गावच्या आशाताईच्या वहीत असते. ती वही पाच महिने मिटलेली राहते, कारण बाई गावात नाही. इकडे ज्या गावाच्या शिवारात तळ पडला तिथल्या आशाताईकडे हजार लोकवस्तीचे काम आधीच आहे, आणि त्या हजारांत तळ मोजलेला नाही. म्हणजे दोन आशाताई असून तिला एकही नाही. ऑक्टोबरात जन्मलेल्या बाळाच्या दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी सगळ्याच्या सगळ्या हंगामात येतात. गावी परत जाईपर्यंत त्या तिन्ही चुकलेल्या असतात.

बरे, एखादी आशाताई मनाने चांगली आहे, तळावर जाते. आपल्याकडे अशा आहेत, आणि त्यांचे मी इथे जाहीर कौतुक करतो. पण ती जाते दुपारी अकरा-बाराला, आणि कोपीला कुलूपसुद्धा नसते, नुसती ताडपत्री ओढलेली. एका तळावर एक वयस्क बाई चुलीपाशी बसली होती, तिने मला सांगितले, "सायब, आमी पहाटं तीनला निघतो आन दिस बुडता येतो. बाई येऊन भेटणार कुणाला?" बाळ कुठे, तर आईबरोबर फडात, वाढ्यांच्या सावलीला झोळीत.

इथे माझा मुख्य मुद्दा येतो. तळावरची भेट यशस्वी करायची तर आशाताई, नर्सबाई आणि सेविका या तिघी पुरत नाहीत. चौथा माणूस लागतो, आणि तो आमचा स्लिपबॉय आहे. उद्या ही टोळी कुणाच्या फडात, गाडी भरून टोळी मोकळी किती वाजता, परवा तोड बंद आहे का, हे फक्त त्याला ठाऊक. तोडणी प्रोग्राम हाच तळाचा पंचांग आहे. तो आशाताईच्या हातात नसेल तर तिची प्रत्येक खेप वाया. आणि असेल, तर ती सरळ फडावर किंवा गाडी निघाल्यावर तळावर बरोबर वेळेला पोहोचते. स्लिपबॉयला बाळ तपासायचे नाही, औषध द्यायचे नाही, कुणाच्या कोपीत डोकवायचेही नाही. त्याने दोन फोन करायचे. टोळी उतरली की गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया किती ते मुकादमाकडून विचारून एक, आणि कुणी बाळंत झाली की त्याच दिवशी दुसरा.

ॲम्ब्युलन्सचेही हेच. १०८ ला फोन लावला की पलीकडून पत्ता विचारतात. तळाला पत्ता काय सांगणार? "ओढ्याच्या पलीकडं, विहिरीपासनं डाव्या हाताला, अमक्याच्या पड रानात." बाहेरगावच्या माणसाला तेही सांगता येत नाही, कारण ज्याच्या रानात तो राहतो त्याचे नावही त्याला नीट माहीत नसते. आजारी नवजात बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार फुकट, नेणे-आणणे फुकट, ही सोय २०११ पासून आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी नवजात बाळांचा खास कक्षही असतो. सोय आहे, पण रस्ता सापडत नाही म्हणून रात्र निघून जाते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत नदीकाठच्या तळावर कमी वजनाच्या बाळाला एक रात्र फार होते. अडीच किलोच्या आतले बाळ आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून वरून पांघरूण घातले तर ऊब टिकते. साधी गोष्ट आहे, पण ती तिसऱ्या दिवशी कुणीतरी येऊन दाखवावी लागते.

काही सभासदांना वाटेल, हा तोडवाल्यांचा प्रश्न झाला, आमचे काय? तर आपल्याही घरात हीच फट आहे. सुनेचे पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरून ती जाते, नाव राहते आपल्या गावच्या आशाताईकडे. बाळ जन्मते दुसऱ्या तालुक्यात, तिथली आशाताई म्हणते ही आमच्या वहीतली नाही. सव्वा महिना झाला की बाळबाळंतीण सासरी येते, तोवर सहाही भेटींचे दिवस जवळजवळ सरलेले. दवाखाना खाजगी असेल तर दोन्ही गावांना कळतही नाही. तळावरची बाई आणि सभासदाची सून यांच्यात पैशाचा फरक आहे. यादीतून गळण्याच्या बाबतीत फरक नाही. यावर उपाय घरच्यांच्याच हातात आहे. माहेरी जाताना कार्ड बरोबर द्यावे, आणि बाळ झाले की सासऱ्याने आपल्या गावच्या आशाताईला सांगावे. पेढे वाटता ना, त्याच फेरीत सांगा.

हे सारे माझ्या डोक्यातून निघालेले नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्यांनी ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांच्या घरी पाठवले, आणि तशा भेटी नसलेल्या शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. सुरुवातीला त्या ३९ गावांत हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळे दगावत होती. तिसऱ्या वर्षी तो आकडा २५ वर आला. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आले. आज आशाताई ज्या भेटी देते त्यांचे मूळ या कामात आहे. आणि ज्या जामखेडातून आपल्याकडे टोळ्या येतात, त्या जामखेडात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातली साधी बाई, नर्स आणि डॉक्टर यांची साखळी बांधली. गावातली बाई घरोघर जाणार, नर्स तिच्या पाठीशी, गरज पडली तर डॉक्टर. शिकलेल्या माणसाने कमी शिकलेल्या बाईचे ऐकायचे, कारण घरातली बातमी तिच्याकडे असते. हे तिथल्या लोकांनी पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवले.

आता थोडे कडू बोलतो. बहुतेक कारखाने हंगामात एक आरोग्य शिबिर घेतात. मांडव, फलक, सत्कार, गोळ्यांचे वाटप, फोटो. शिबिराला माझा विरोध नाही. खोकला, अंगदुखी, डोळे यांना त्याचा उपयोग होतो. पण नवजात बाळाला शिबिर उपयोगाचे नाही. बाळ शिबिराची तारीख बघून जन्मत नाही, आणि चार दिवसांच्या बाळाला मांडवात गर्दीत आणणे धोक्याचेच. एका शिबिराचा जेवढा खर्च होतो त्याच्या थोड्या भागात हंगामभर प्रत्येक गटात एक जीप आठवड्यातून एक दिवस आशाताई आणि नर्सबाईंसाठी फिरू शकते. आमची गाडी तशीही त्याच रस्त्याने फिरत असते. योजना सुरू झाली तेव्हा सगळ्या भेटी मिळून आशाताईला एका बाळामागे २५० रुपये ठरले होते. त्यात पदरचे पेट्रोल घालून तिने चार कोसांवरच्या तळाला सहा फेऱ्या माराव्यात, ही अपेक्षा मला तरी रास्त वाटत नाही.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. भेट झाली, आशाताईने सांगितले, बाळाला ऊब दे, दर दोन-अडीच तासांनी पाज, आराम कर. आणि आठव्या दिवशी बाई पुन्हा मोळ्या उचलायला. कारण न गेली तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून वळते. अशाने भेटीचा काय उपयोग? मी मुकादमांशी बोललो आहे. काहींनी सरळ सांगितले, "सायब, बाळंतिणीचा खाडा आमी धरत नाय." काहींनी हसून विषय बदलला. ज्यांनी विषय बदलला त्यांच्यासाठी करारात शब्द लागतो. मुकादमाला कमिशन कारखाना देतो. तेव्हा बाळंतपणापासून ४२ दिवस खाडा धरायचा नाही, ही अट घालणे कारखान्याच्या अधिकारातले आहे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने राज्याचे कल्याण महामंडळ झाले असून त्याला कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे असे ठरले आहे. त्या पैशातून या ४२ दिवसांच्या बुडीत मजुरीची सोय व्हावी, असा ठराव आपल्या वार्षिक सभेने करून पाठवावा अशी माझी सूचना आहे. ठराव मांडणारा आणि अनुमोदन देणारा सभासदच असावा लागतो. मी नोकर माणूस, मला ते करता येणार नाही.

"टोळ्या गळाठतील, तोड मागे पडेल," ही भीती एका ज्येष्ठ सभासदाने माझ्याजवळ बोलून दाखवली. ऊस वाळला तर वजन घटते, भीती खोटी नाही. पण एका टोळीत हंगामात बाळंतपणे असतात किती? आणि तळावर बाळ दगावले तर ती टोळी चार-चार दिवस फडात येत नाही, कधी रातोरात गावाकडे निघून जाते, हे आम्ही शेतकी खात्यातले लोक पाहत आलो आहोत. तोडीचाच हिशेब करायचा तर तोही करून पाहावा. मला विचाराल तर त्या हिशेबाची गरज पडू नये.

शेवटी कामाचे. येत्या हंगामात गट ऑफिसातल्या टोळी नोंदीच्या वहीत गरोदर आणि बाळंतीण बायांसाठी एक रकाना वाढवावा, आणि त्याची नक्कल दर सोमवारी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे व अंगणवाडी पर्यवेक्षिकेकडे जावी, असे टिपण मी वरिष्ठांकडे दिले आहे. नावे त्या दोन ठिकाणांखेरीज कुठे जाणार नाहीत. मुकादमालाही ती यादी दाखवायची नाही. प्रत्येक तळाला क्रमांक द्यायचा, तो क्रमांक आरोग्य केंद्राला कळवायचा आणि रस्त्यावरून दिसेल अशी पाटी लावायची. ज्या सभासदांच्या रानात तळ पडतो त्यांनी पाटीसाठी बांधावर एक खांब रोवू द्यावा आणि तसे आपल्या गटाच्या स्लिपबॉयला दसऱ्यापूर्वी सांगावे. पाटी कारखान्याची, खांब तुमचा.